शार्कच्या जबड्यात ओर्का

— काय म्हणालात? शार्कच्या जबड्यात ओर्का? फ्लॉईडशेट, आधी पाणी प्या, त्या डब्यावर बसू नका, रंग ओला आहे, पँट चिकटेल — आणि मग परत सांगा. राजोडीच्या तुमच्या रिसॉर्टच्या दारात हे उभं करणार? अहो, उद्या म्हणाल बोंबलाने मांजर गिळलं! बावीस वर्षं हा एकनाथ फायबरचे मासे घडवतोय — वीस वालीवला, दोन इथे सातिवलीला — पण असला अडाणी कागद घेऊन कुणी आलं नव्हतं. माझा एक शार्क टेम्पोतून भिवंडीला निघाला होता, तर कामणला त्याला बघून तीन कुत्री, एक म्हैस आणि गोदामाचा वॉचमन गटारात उतरले — वॉचमन सगळ्यात आधी! खोटं वाटतं? म्हशीला विचारा.

ऐका. शार्क म्हणजे कोण? पंधरा-सोळा फूट, तोंडात करवत, आणि सिनेमावाल्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलेला. गल्लीतला दादा! आणि ओर्का? काळा-पांढरा, डॉल्फिनच्या जातीतला, पंचवीस फूट, हत्तीहून जड, आणि एकटा येत नाही — आई, मावश्या, भावंडं, अख्खं खानदान. धडक देऊन शार्कला उताणा करतात. उताणा झाला की हा तुमचा वाघ सुन्न, भूल दिल्यासारखा. मग पोट फाडून कलेजी काढतात. फक्त कलेजी! बाकी सगळं टाकून देतात — लग्नात पनीर तेवढं वेचून खाणारे असतात ना, तसे. आणि उरलेले शार्क काय करतात? बदला घेतात? कसला बदला! ओर्काची नुसती चाहूल लागली, की जिथे वर्षानुवर्षं गुबगुबीत सील खाल्ले ती जागा सोडून पसार. महिनोन्‌महिने तिकडे फिरकत नाहीत. याला म्हणायचं समुद्राचा राजा? पळपुटा मेला!

हसताय कशाला?

वालीव? हे बघा, माझं वालीव वेगळं. तिथला पत्रा गळत होता. हो, हितेशने त्याच गल्लीत मोठं मशीन आणलं हे खरं — कॉम्प्युटरला चित्र दाखवा, थर्माकोलचा मासा कोरून बाहेर — पण मी काही त्याच्यामुळे नाही — पत्रा गळत होता म्हटलं ना! आणि दोन वर्षांत तिकडे पाऊल टाकलं नाही, ते वेळ नाही म्हणून. आता माझी पोरगी, उन्नती, त्याच्याकडेच कामाला लागली, त्याला मी काय करू? म्हणे, बाबा, मला शिकायचंय. शिक! मग बापाने इतकी वर्षं काय शिकवलं, भजी तळायला? बोललो मी. बाप बोलतो. जा, मशीनची हमाली कर म्हणालो — तर ती बॅग भरून सरळ मैत्रिणीकडे. फोन? करते की. दर रविवारी करते. मी उचलत नाही. हाताला फायबरचं चिकट रेझिन असतं.

ते जाऊ द्या. हा कागद बघा, ही ओर्काची शेपूट. उभी! अहो, ओर्का मासा आहे का? पिल्लाला दूध पाजणारा प्राणी तो, त्याची शेपूट आडवी, वर-खाली हलणारी. उभी शेपूट शार्कची, ती हलते डावी-उजवी. आमची उन्नती आठ वर्षांची असताना दारातल्या रांगोळीत बरोबर काढायची! कुठल्या गाढवाने काढलंय हे? तुमच्या भाच्याने?

कोणी?

काय बोलता. तिने? आणि हे घेऊन बाबांकडेच जा म्हणाली?

शक्य नाही. ती झोपेतसुद्धा उभी शेपूट काढणार नाही, फ्लॉईडशेट. म्हणजे एक तर त्या मशीनने दोन वर्षांत पोरीच्या डोक्यातलं सगळं पुसून टाकलं — नाहीतर — नाहीतर मुद्दाम. ओर्काला शार्क खातोय, शेपूट उभी — का, तर बाप चवताळेल आणि चुका दाखवायला तरी येईल तिच्यासमोर. कुठलं खरं? मला कसं कळणार इथे बसून?

आणि तुम्ही! तुम्ही यात सामील! कुबडवाला देवमासा ऐकलाय? ओर्का शिकार करत असले की हा मधे घुसतो, कुणाचा कोण सील वाचवायला — स्वतःचा काडीचा संबंध नसताना! तुम्ही तेच. रिसॉर्ट सांभाळा की आपलं!

नाही. मी येणार नाही. ज्याला यायचं त्याने इथे यावं. निघा तुम्ही. कागद राहू द्या — राहू द्या म्हटलं ना. घडी नका घालू त्याची.

बारीक झालीये? किती बारीक? — बरं, असू दे. निघा आता, मला कामं आहेत, माल भरायचाय.

अहो — हितेशचा गाळा सकाळी किती वाजता उघडतो हल्ली?

साडेनऊला?

बरं. जाताना शटर ओढून घ्या.