छापील कागदातल्या मोकळ्या जागा

छापील कागदात मोकळी जागा दिसली की मी आधी तिच्यावर रेघ ओढते गो. वाटणीच्या कागदातल्या असल्याच जागेत मागाहून दोन ओळी घालून भाऊबंदांनी आमची आंब्याची कलमं नेली. राहतं घर तेवढं उरलं. आणि कॉलेजात गणित शिकवणारा पुतण्या विलास टाइपरायटरवर टाइप केलेले कागद घेऊन माझ्याच ओटीवर बसून तसल्या जागा पेनाने भरत होता! मी त्याचा हातच धरला.

“काय लिवतंस रे हय?”

“काकी, गणिताची चिन्हां. मशिनीक ती येनत नाय.”

“मोठ्यान वाच.”

“एक्साचा वर्गमूळ...”

“हो एक्स कोण? आमच्या भाऊबंदांत असो कोण नाय.”

“माका तरी खंय म्हायत? तोच शोधूचो आसा.”

“शोधू नको, बाबा! गावलो तर हिस्सो मागूक येतलो.”