दादाची जीप

ऐका तर. दादा कुवेतला गेला आणि त्याची पाचाडच्या डोंगरात चालणारी जीप माझ्या गळ्यात पडली. मी जन्माचा स्कूटरवाला. ऑइल बदलायची वेळ आली तशी म्हटलं, बिरवाडीच्या गॅरेजला देतो. दादा फोनवर भडकलाच, "गॅरेज नाय! तूच बदल. मी व्हिडिओवर सांगतो."

जीपखाली शिरलो आणि दिसला तो बोल्ट सोडला. दादा किंचाळला, "अरे बैला, ते गिअरचं ऑइल हाय!" तोवर सगळं अंगणात!

मग इंजिनचंही काढलं, दोन्हीकडे नवं भरलं आणि जीप सुरू केली. विचारलं, "झालं ना? करू बंद?"

"नको रे. फोन बोनेटवर ठेव, आवाज ऐकू दे आणि जरा गप ऱ्हा. पाचाडच्या चढावर हाय मी."