खुर्च्या किती मांडायच्या?

सन्माननीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावरचे निवृत्त मुख्याध्यापक, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या मावशी, त्यांना न्यायला आलेली त्यांची लेक आणि जावई, तसेच सभागृहात बसलेल्या, मागे उभ्या असलेल्या आणि जागा न मिळाल्याने जिन्यात अडकलेल्या बंधुभगिनींनो,

माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या टेबलावर गेलं. ताजी बातमी आधी, कौतुक नंतर, ही सवय काही सुटत नाही. तेव्हा बातमी अशी, की आपल्या कोपऱ्यावरचा महापालिकेचा दवाखाना बंद करून तो हमरस्त्यापलीकडे, प्रभाग कार्यालयाच्या आवारात हलवायचा प्रस्ताव आहे. त्यावरची सुनावणी येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्याच कार्यालयात होईल. आज दुपारी तिथल्या अधीक्षकांनी मला फोनवर तसा दुजोरा दिला. तारीख पुढे जाणार नाही. एवढं सांगून त्यांनी मलाच विचारलं, "मावशी तर चालल्या म्हणे. मग खुर्च्या किती मांडायच्या? की मांडायच्याच नाहीत?"

तुम्ही हसलात. फोनवर मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र हसू राहिलं नाही.

असो. आजचा दिवस मावशींचा आहे. बटणं, दोरे, लेस यांचं ते एवढंसं दुकान मावशींनी नवरा गेल्यावर एकटीने चालवलं. सुनावणीच्या दिवशी त्या दुकान बंद करायच्या, दाराला पाटी लावायच्या, "महापालिकेत गेले आहे", आणि काखेत उशी मारून निघायच्या. उशी कशाला? तिथला बाक कडक आहे म्हणून. हे तुम्हाला ठाऊक नाही, कारण त्या बाकावर तुम्ही कधी बसलाच नाहीत. त्या जिना चढताना दिसल्या, की शिपाई आत ओरडायचा, "पब्लिक आली हो!" आणि पंखा लावायचा. पब्लिक म्हणजे कोण? आपण हजारभर माणसं नव्हे. मावशी!

मी एकदा त्यांना विचारलं, "तुम्हाला हे सगळं शिकवलं कुणी?" त्या म्हणाल्या, "शिकवायचंय काय त्यात? फळ्यावर लिहिलेलं असतं." आणि खरंच असतं. बैठकीत कुठले विषय येणार ते आठवडाभर आधी जिन्याशेजारच्या फळ्यावर लागतं. एखादी गोष्ट पटत नसेल तर साध्या कागदावर हरकत लिहायची, शिक्का मारून पोच घ्यायची. सुनावणीत या प्रभागात राहणाऱ्या कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. अंदाजपत्रकाच्या आधी आपल्या गल्लीतली कामं सुचवता येतात. काय ठरलं, त्याचं इतिवृत्त मागून घेता येतं. ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. लागते एक सकाळ!

आणि आपण काय करतो? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर महापालिका रोज बरखास्त करतो. फुटलेल्या गटाराचे फोटो टाकतो, खाली रागाने लाल झालेले चेहरे टाकतो आणि जेवायला बसतो. कुणी म्हणालं, "अहो, सुनावणी आहे," की उत्तर ठरलेलं, "मावशी जाताहेत ना?" मावशी आजारी असल्या तर? "मग पुढच्या वेळी जातील."

मावशी, ते दिव्याचं सांगू का? सांगा म्हणतात. बघा, नंतर माझ्यावर रागवायचं नाही.

आपल्या वळणावर एक दिवा होता, बरोबर मावशींच्या खिडकीसमोर. त्या उजेडाने त्यांना झोप लागेना. सुनावणीत रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय निघाला. मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "वळणावरचा काढा, त्रास होतो." सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी रीतसर विचारलं, "कुणाचं वेगळं मत?" आता वेगळं मत द्यायला दुसरा माणूस तर हवा! इतिवृत्तात लिहिलं गेलं, "नागरिकांच्या एकमुखी मागणीनुसार." दिवा गेला. हिवाळाभर आपण त्या वळणावर ठेचा खाल्ल्या आणि महापालिकेच्या नावाने बोटं मोडली. शिंपीदादांनी तर मावशींच्याच दुकानात उभं राहून सगळ्या खात्यांचा उद्धार केला. मावशी खाली मान घालून बटणं निवडत होत्या.

काय म्हणालात मावशी? "दिवा परत कुणी आणला, तेही सांगा." हो, तोही त्यांनीच आणला. खिडकीला जाड पडदा शिवला आणि पुन्हा उशी घेऊन गेल्या. म्हणजे दिवा काढणार मावशी, लावणार मावशी, आणि अंधारात धडपडणार आपण. यात दोष त्यांचा आहे का? एकटीने खेळलेल्या डावात हार-जीत दोन्ही तिचीच असणार.

आता दवाखान्याकडे येतो. लेखी हरकतींची मुदत मागच्या आठवड्यात संपली. हरकत आली एकच. कुणाची, ते सांगायला नको. अधीक्षक मला म्हणाले, "एका पत्रावरून साहेबांनी कसं मानायचं, की लोकांना दवाखाना हवाय?" मी चिडलो. पण पत्र खरंच एकच होतं.

पहिल्या रांगेत आपले ड्रायव्हरकाका बसलेत, समोरच्या खुर्चीवर पाय ठेवून. साखरेमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नाही. दिवसाआड कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन पट्टी बदलावी लागते. ते जातात, एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला. पट्टी चुकत गेली तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलंय. आणि हमरस्ता? सिग्नल बदलेपर्यंत काका जेमतेम मध्यावर पोचतात. ज्या रस्त्यावर या माणसाने आयुष्यभर बस चालवली, त्याच रस्त्याच्या दुभाजकावर त्यांना खांब धरून उभं राहिलेलं मी पाहिलंय.

काल मी त्यांना म्हटलं, "काका, मंगळवारी तुम्ही बोला." म्हणाले, "छे हो, माझं कोण ऐकणार? मावशी छान बोलल्या असत्या." मी म्हटलं, "पाय कुणाचा आहे?" तर म्हणतात कसे, "पाय माझाच, पण तोंड मावशींचं!"

कोण बोललं मागून? जरा मोठ्याने बोला. "मावशींना मंगळवारपर्यंत थांबवा." आणि यावर टाळ्या? अहो, टाळ्या कसल्या वाजवता! रविवारची गाडी ठरली आहे. सामान बांधून झालंय, दुकानाची किल्ली नव्या मालकाकडे गेली आहे, लेकीने आईसाठी खोली रंगवून ठेवली आहे. आणि आपण निरोप समारंभातच निरोप रद्द करायला निघालो! कशासाठी? मंगळवारी सकाळी आपल्याला वेळ नाही म्हणून? लेकीकडे बघा जरा. तिचा चेहरा उतरलाय. मावशी मान हलवून नाही म्हणताहेत, आणि मी आजवर त्यांच्याशी इतका सहमत कधी झालो नव्हतो.

आपल्या रहिवासी संस्थेने मावशींना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी आपल्याला काय दिलं, ते दाखवतो. ही ती उशी. आज सकाळी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "कुणीही न्या. बाक कडक आहे, पण बसलं की सवय होते." काका, ही तुम्हाला. बसायला नको असेल तर पायाखाली घ्या.

घेतली! आणि काय म्हणताहेत, ऐकलंत? "भाषण नाही करणार. पट्टी सोडून पाय दाखवतो, झालं." काका, तीन मिनिटांत याहून जास्त कुणी काय सांगणार?

मावशी, तुमचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत आणि सापडले तरी तुम्ही म्हणाल, "पुरे, विषयावर या." या सभागृहाची सोय करणाऱ्यांचे, खुर्च्या लावणाऱ्यांचे आणि इतकं बोलणं मुकाट ऐकून घेणाऱ्या अध्यक्षीणबाईंचे आभार. सत्काराला बोलावलं आणि मी आलेल्यांचीच हजेरी घेतली. कुणाला लागलं असेल तर वय बघून पोटात घाला. राग राहिलाच तर तो मंगळवारपर्यंत जपून ठेवा, तिथे उपयोगी पडेल.

अधीक्षकांना मी साठ खुर्च्या सांगून टाकल्या आहेत. ते बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे आहेतच चाळीस." मी म्हटलं, "उरलेले उभे राहतील." सुनावणी संपली, की त्याच दुपारी निर्णय होईल असं ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी दहा वाजता काका या सभागृहाच्या फाटकापाशी उभे असतील. आपण त्यांच्या चालीने निघायचं. हमरस्ता ओलांडायला वेळ लागेल. गाड्यांना थोडं थांबावं लागेल.