स्वस्तातली गोळी मागताना

अगं, बाळाच्या सर्दीच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा तीनदा वाचणारी भित्री बाई मी. नवऱ्याच्या त्या अडचणीवर, म्हणजे ताठरतेच्या तक्रारीवर, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मोठ्या कंपनीची गोळी परवडेना, म्हणून नवरा उपचारच सोडायला निघाला. डॉक्टर तर म्हणाले होते, स्वस्तातली जेनेरिक घेतली तरी चालेल. शेवटी बाळाला कडेवर घेऊन मीच मेडिकलमध्ये शिरले.

दुकानदार चिठ्ठी बघून कुजबुजला, "ताई, मिस्टरांना पाठवा की."

"ते बाहेर गाडीवर बसलेत. हेल्मेट काढायला तयार नाहीत."

त्यानं गुपचूप महागाची स्ट्रिप पुढं सरकवली. पण मी हटले नाही. "ही नको, जेनेरिक द्या. औषध तेच, ताकदही तीच ना?" घाबरले की माझा आवाज चढतो. सगळं दुकान माझ्याकडं बघायला लागलं.

"व्हय ताई, औषध तेच हाय. फक्त कंपनीचं नाव येगळं."

तेवढ्यात मागून धोतरातले एक आजोबा काठी आपटत पुढं आले.

"मंग मला दोन वर्सं झाली म्हागाचीच का देतोयस रं?"