वांग्याला सात मार्क

पायांचे तुकडे पडले होते. ड्यूटी संपवून नर्स दुकानात पैसे देण्याच्या रांगेत उभी होती. पुढे एक म्हातारं जोडपं, आजींच्या हातात वाइनची बाटली.

"पुन्हा तीच? परवा माशाबरोबर घेतली ती?"

"अहो, परवा मासा नव्हता, वांगं होतं."

"तेच ते."

"मासा नि वांगं तेच ते? आणि वर म्हणालात, 'किंचित आंबट आहे, पण जेवणाला शोभते. सात मार्क.'"

"रांग हलली, पुढे सरक."

"विषय बदलू नका. तुम्हाला चव लागत नाही ना?"

"त्या तापात गेली. परत नाही आली."

"मग रोज हे मार्क कशाचे देता?"

"तू घोट घेतलास की तुझ्या तोंडाकडे बघतो. वाकडं झालं नाही, तर सात."

"अगं बाई!"

"आता काय?"

"ताप काय तुम्हाला एकट्यालाच आला होता? मी तुमचे मार्क ऐकून 'छान आहे' म्हणायचे."

नर्सने टोपली या हातातून त्या हातात घेतली. काउंटरवरच्या पोरीने "पुढे या" म्हटलं, तरी दोघं जागची हलली नाहीत.

"मग भाजीतलं मीठ?"

"अंदाजाने घालते. तुम्ही कधी बोलला नाहीत, म्हटलं ठीक असेल."

"ठीकच असेल गं."

"नाही हो. तरीच लेक हल्ली दारातूनच सांगते, 'आई, मी जेवून आलेय.'"