ओट्यापासून दारापर्यंत

तुम्हाला सांगतो, स्वयंपाकघराची आखणी करून देणाऱ्या बाईंना बोलवावे की नेहमीच्या सुतारालाच काम द्यावे, हा वाद आमच्या लातूरच्या घरात महिनाभर चालला होता. बाईंना बोलवायला पत्नीचा, सुमनचा, ठाम विरोध होता. तरीही मी तिला न विचारता बाईंना बोलावले.

बाईंनी लॅपटॉपवर चित्र दाखवले. ओट्याच्या वर थेट छतापर्यंत कपाटे होती. ते पाहताच सुमन उठली आणि दारात जाऊन उभी राहिली.

"डोक्यावर एवढं वजन नको," ती म्हणाली.

"अगं, मजबूत स्क्रू असतात."

"भिंतच आली खाली, तर स्क्रू काय करतेत?"

लग्नाआधी तिचे माहेरचे घर भूकंपात कोसळले होते. तेव्हापासून ती जड भांडी जमिनीवरच ठेवते. आणि गावोगावच्या लोकसमजुती टिपत फिरणाऱ्या मला तो निव्वळ पसारा वाटत आला होता.

बाईंनी चित्रातली वरची सगळी कपाटे पुसून टाकली.

"आता बघा मावशी. डोक्यावर काहीच न्हाई."

"तुला कसं कळलं गं?"

"माझ्या घरीबी असंच हाय. भूकंप झाला तवा मी चार वर्षांची होते. आई चुलीपाशीच होती."

सुमन दारातून आत आली आणि तिने विचारले, "ओट्यापासून दार किती पावलं?"

"चार, मावशी."

"तीन कर. काम तुलाच."