बेहड्याची ढोली

…नाही नाही, कायदा आहे हो, नाही असं कोण म्हणतंय? मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय तो. सूर्यमाळच्या खालच्या पाड्यात वनरक्षक भावेश मोबाइलमधून वाचून दाखवत होता, तेव्हा मीही तिथंच उभा होतो. पण तुम्हाला सांगतो, त्या भिकाला विचारा एकदा, कायदा म्हणजे काय ते… नुसता बघत राहील तुमच्याकडे.

भिका म्हणजे साठीचा माणूस, नाचणी-वरईचा शेतकरी. त्याच्या बांधाला लागून धर्मेंद्र सरांची उतारावरची जमीन. सर जव्हारला शाळेत शिकवतात, माणूस वाईट नाही हं, भिकाला काका म्हणतात. त्या उतारावर चाळीसेक झाडं, मधोमध एक म्हातारा बेहडा, बेहड्याला ढोली, आणि ढोलीत दर चैतात धनेशाची जोडी. आता धनेशाचं कसं, मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, मग दोन-अडीच महिने आतच, अंगावरची पिसंसुद्धा गाळून बसते, आणि नर बिचारा दिवसभर उंबरं आणतोय, फटीतून भरवतोय, पुन्हा जातोय, पुन्हा आणतोय… भिकाची बायको सकू म्हणायची, बघा, शिका काही! भिका हसायचा, आणि रोपाआधी शेतात जाळायचा राब रचता रचता हातातला पाला तसाच धरून बघत राहायचा.

गेल्या चैतात सरांनी उतार साफ करायला काढला. पर्यटक येतात ना हल्ली, तंबू ठोकायचे होते. जेसीबी आलं, आणि भिका बेहड्याला पाठ लावून बसला. ड्रायव्हर म्हणतो, बाबा उठा. भिका म्हणाला, "आत बाय बसली हाय." ड्रायव्हरला वाटलं खरंच कुणी बाई… मशीनच बंद केलं त्यानं!

मग भावेश आला. त्यानं मान मोडेपर्यंत वर बघितलं, मोबाइल काढला, वाचलं. पक्षी संरक्षित, घरटं मोडलं तर गुन्हा. सर ओशाळले, म्हणाले, काका, मला ठाऊक नव्हतं, थांबू आपण. कायदा आहे हो, नाही असं नाही. पाडा खूश. आणि सगळे निघाले तेव्हा भिकानं विचारलं, पिल्लं उडाल्यावर काय?

भावेशनं मोबाइलवर बोट वर सरकवलं, खाली सरकवलं… मग म्हणाला, घरटं रिकामं झालं की ते मालकीच्या जागेतलं नुसतं झाड, बाबा. परवानगी मिळते.

"म्हंजे बाय वाचल, घर नाय?"

"घर नाही बसत कायद्यात."

भिकानं अर्ज केला. भावेशनंच लिहून दिला, ड्यूटी संपल्यावर. पाखरं दरसाल जिथं परत येतात ती झाडं बाराही महिने राखावीत, असा कायदा करा. पाड्यातल्या सगळ्यांच्या सह्या, अंगठे. कचेरीत एका टेबलावर म्हणाले, हे पक्ष्याचं आहे, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, हे झाडाचं आहे, इकडं जा. तिसरा भला होता, म्हणाला, आजोबा, हे कायदा बदलण्याचं आहे, वर पाठवावं लागेल. भिकानं वर बघितलं. पंखा होता, बंद.

आणि घरी काय चाललं होतं सांगू? दरसाल जो माणूस पिल्लं कधी उडतात म्हणून वाट बघायचा, तोच आता रोज सकाळी उठून म्हणायचा, आज नको, आज नको रे बाबांनो… पण पाखरं ती, त्यांना कोण सांगणार? जेठात दार फुटलं, पिल्लं उडाली. सरांचा फोन आला, काका, उडाली का? आयुष्यात खोटं न बोललेला माणूस, म्हणाला, अजून नाय. आठ दिवस तेच. नवव्या दिवशी सर स्वतः आले. ढोलीचं तोंड सताड उघडं. सर भिकाच्या शेजारी बसले. मग हळूच म्हणाले, काका, पाऊस लागायच्या आत करायला हवं. भिका उठला आणि घरी गेला. झाड पडलं तेव्हा चूल पेटवत होता, सकू सांगते, चार काड्या विझल्या हातात.

कायदा मोडला का कुणी? नाही हो. परवानगी होती.

या चैतात जोडी परत आली. तीन सकाळी घिरट्या घातल्या मोकळ्या उतारावर. मग दोघं तंबूच्या लोखंडी दांड्यावर बसले, नरानं तिला उंबर भरवलं, आणि उडून गेले ते गेलेच. भिका बांधावरून बघत होता. त्या दिवशी राब भाजायचा राहिला.

आणि गेल्या महिन्यात वरून उत्तर आलं. आलं हो, खरंच आलं! भावेशनं वाचून दाखवलं: अर्जात नमूद केलेले झाड प्रत्यक्ष पाहणीत जागेवर आढळून आले नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

भावेशला मान वर करवेना. भिकानं कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, घडी घातली.

"बराबर लिवलाय," म्हणाला. "नायच तो."